किल्ली काकांकडे असते

परवा फोनवर तू एका दमात सांगितलंस, ‘ताई, सरांनी मला टेक क्लबची प्रमुख केलं!’ आणि मी नुसतं ‘अरे वा’ म्हणून फोन आईकडे द्यायला सांगितला. लागलं असेल तुला ते. अगं, मला एकदम काही सुचेचना. त्याच शाळेत, त्याच खोलीत मीही दोन वर्षं प्रमुख होते आणि मी दहावी होऊन बाहेर पडले त्या जूनमध्ये क्लब बंद पडला. कुणी बंद केला नाही, नुसताच पुन्हा उघडला गेला नाही. घरात सगळ्यांना माझी ती जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनातली ढाल तेवढी आठवते, शोकेसमधली. हे दुसरं कुणाला माहीत नाही. तुला सांगते, कारण आता तुला उपयोगी पडेल.

तर आधी किल्लीचं. संगणक कक्षाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते असं तुला वाटत असेल. नसते. ती शिपाईकाकांच्या जुडग्यात असते. परवानगी अर्जावर मिळते, पण शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर दार उघडायचं की नाही ते काका ठरवतात. आमचे पहिले तीन शनिवार व्हरांड्यात बसून गेले. काकांना घरी जायची घाई आणि आम्ही ‘रोबोट करायचाय, काका’ म्हणून मागे लागलेलो. त्यांना मेलं रोबोटचं काय?

मग कळलं की त्यांना रोज दोनदा तीन जिने चढून गच्चीवर पळावं लागतं. मोटर लावली की टाकी कधी भरेल याचा नेम नाही आणि पाणी वाहून गेलं की बोलणी त्यांनाच. म्हणून आम्ही टाकीचा बजर केला. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, एक बजर, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि टाकीत तोंडाशी सोडलेल्या दोन वायरी. पाणी दोन्ही टोकांना टेकलं की त्यातून अगदी किंचित करंट जातो, तेवढा ट्रान्झिस्टरला पुरतो आणि ट्रान्झिस्टर बजर वाजवतो. गच्चीपासून काकांच्या स्टुलापर्यंत जुनी टेलिफोनची वायर ओढली. कोडिंग नाही, कॉम्प्युटर नाही, काही नाही.

महिन्याभरात बजर मुका झाला. वर जाऊन बघतो तर तांब्याची टोकं हिरवी पडून झिजलेली. पाण्यातून एकाच दिशेनं करंट जात राहिला की एका टोकाचा धातू विरघळत जातो. विद्युत अपघटन म्हणून मी जे घडाघडा पाठ म्हणायचे ते हेच, हे त्या दिवशी गच्चीवर कळलं. मग टोकांना स्टीलचे दोन चमचे बांधले. (आईच्या डझनातला एक चमचा तेव्हापासून कमी आहे. बोलू नकोस. दुसरा कुणाच्या घरचा होता ते आठवत नाही.) त्यानंतरच्या शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा दार उघडं होतं आणि पंखाही लावलेला होता.

तू पण आधी शाळेत हिंडून ये. कोण कशाला वैतागलंय ते बघ. ग्रंथालयातल्या बाई, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी, घंटा द्यायला विसरणारे कुणी. प्रदर्शनाचं नंतर बघू.

आता माझं पाप. त्या ढालीचं यंत्र, काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी, ती आमच्या क्लबची म्हणून गेली. बनवली मी एकटीनं, दोन रात्री जागून, आपल्या माळ्यावर. बाकीचे चौघं इस्त्रीचा गणवेश घालून टेबलाशेजारी उभे होते. परीक्षकांनी त्यातल्या एकाला विचारलं की पट्टी काळी आहे हे गाडीला कसं कळतं, तर तो माझ्याकडे बघायला लागला. मीच उत्तर दिलं, पांढऱ्यावरून प्रकाश परत येतो, काळा तो गिळतो. छान दिलं. अजून लाज वाटते.

मी दुष्ट नव्हते गं, मला घाई होती. एखादीनं ब्रेडबोर्डवर वायर चुकीच्या भोकात घातली की माझा हात आपोआप पुढे जायचा. ‘थांब, मी दाखवते.’ दाखवते म्हणून मी करूनच टाकायचे. आता ब्रेडबोर्ड काय असतो? मधल्या खोबणीच्या दोन्ही अंगांना पाच-पाच भोकं आतून जोडलेली आणि कडेला लांब पट्ट्या, ज्या काही मोठ्या बोर्डांवर बरोबर मध्ये तुटलेल्या असतात. ही गोष्ट सांगून कळते, पण लक्षात राहत नाही. अर्धा तास दिवा लागत नाही, डोळ्यांत पाणी यायची वेळ येते आणि मग स्वतःला सापडतं, की अय्या, ही पट्टी इथे तुटलीय! ते पोर जन्मात विसरत नाही. मी कुणाला तो अर्धा तास मिळूच दिला नाही.

तू हात मागे बांधून उभी राहा. खरोखरीचे बांध, प्रार्थनेला ‘विश्राम’ म्हटल्यावर बांधतो तसे. आणि फक्त विचार, ‘करंट कुठून निघाला? आता कुठे पोचला?’ फार अवघड जातं. मला आजही जमत नाही.

आणि एक मुलगी म्हणून सांगते. आमच्या क्लबात निम्म्या मुली होत्या. वर्षाअखेरीला फोटो बघितले तर प्रत्येक फोटोत मुली तक्ते रंगवताना आणि मुलगे स्क्रू पिळताना. मुलींचं अक्षर चांगलं, म्हणून तक्ता. मुली धीट, म्हणून निवेदन. ही वाटणी कुठल्या सरांनी केली नव्हती, मी केली होती. त्यावर मला एकच उपाय सापडलाय, तोही नंतर कॉलेजात: घड्याळ. एका कॉम्प्युटरवर दोघं. एक कीबोर्डवर, दुसरा फक्त तोंडानं सांगणार, माऊसला हात लावणार नाही. दहा मिनिटं झाली की अदलाबदल, वाक्य अर्धं असलं तरी. कुणी कितीही हुशार असो. पहिल्या दिवशी मुलगे कुरकुर करतील, तिसऱ्या दिवशी तेच घड्याळाकडे बघतील.

प्रवेशपरीक्षा वगैरे ठेवू नकोस हं. सर सुचवतील, पोरं फार झाली की. आमच्या वेळी ‘अ’ तुकडीतलेच घेतले आणि एक मुलगा दारातून बघत राहायचा, त्याच्या वडिलांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. आम्ही सोल्डरिंगच्या नावाखाली गोळे चिकटवत होतो आणि तो लहानपणापासून सुरेख डाग देत होता. त्याला आत बोलवायला मला दीड वर्ष लागलं. त्यानं आल्या आल्या सांगितलं की आधी जोड तापवायचा, मग तार जोडाला लावायची, गनच्या टोकाला नाही. एवढंच चुकत होतं आमचं.

डाग द्यायचं निघालंय तर ते नीट ऐक. शिशाची सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळते, पण गनचं टोक ३०० च्या पुढे असतं. ती पेनासारखी धरायची आणि हातातून सुटली तर झेलायची नाही. हे आधी सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घे, कारण हात आपसूक जातो. केस बांधलेले, ओढणी खुर्चीला. खिडकी उघडी. झालं की साबणानं हात धुतल्याशिवाय डब्याला शिवायचं नाही, शिसं पोटात जातं. घरून जुने रेडिओ, खेळण्यातल्या गाड्या, सीडी ड्राइव्ह आणायला सांग, त्यांतून छान मोटरी निघतात. पण भिंतीतल्या २३० व्होल्टवर चालणारं काहीही उघडायचं नाही. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय तर प्लग काढला तरी नाही, त्यातले कपॅसिटर नंतरही झटका देतात. आणि फुगलेली मोबाइलची बॅटरी कुणी आणली तर ती टोचायची, दाबायची नाही, तशीच सरांकडे द्यायची. या बाबतीत मैत्रिणीची भीड धरू नकोस.

बाकी सामानाचं थोडक्यात. अर्डुइनोवर प्रोग्राम चढत नाही म्हणून रडायच्या आधी केबल बदलून बघ. मोबाइल चार्जरच्या कितीतरी केबलींमध्ये नुसत्या वीज नेणाऱ्याच दोन तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. बोर्डवर दिवा लागतो, म्हणून आपण केबलवर संशय घेत नाही. आम्ही एक बोर्ड दोन महिने ‘मेलेला’ म्हणून डब्यात ठेवला होता. केबल बरोबर असली तर ड्रायव्हर बघ, स्वस्त बोर्डांवर सीएच ३४० ही चिप असते आणि जुन्या कॉम्प्युटरना ती ओळखता येत नाही. आणि टाकीच्या बजरला महिनोन्‌महिने पुरणारी ती चौकोनी बॅटरी गाडीच्या मोटरींना लावू नकोस, तिच्यात तेवढा दमच नसतो. गाडीला चार पेन्सिल सेल लाव, नाहीतर प्रात्यक्षिकाच्या वेळी ती परीक्षकांसमोर मान टाकेल.

सरांना म्हणे अटल टिंकरिंग लॅब मिळाली नाही याचं फार वाटतं. वाटणारच. २०१६ पासूनची नीती आयोगाची ती योजना, सहावी ते बारावीसाठी, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. पण मी कॉलेजच्या उपक्रमात तशा शाळाही पाहून आले. एका ठिकाणी आठवीतली पोरगी थ्रीडी प्रिंटरचं तुंबलेलं तोंड स्वतः सुईनं साफ करत होती. दुसऱ्या ठिकाणी प्रिंटरवर भरतकामाचं कापड घातलेलं, पाहुणे आले की काढायचं. पैसे दोन्हीकडे सारखेच आले असणार. तुमच्याकडे चार चालू कॉम्प्युटर आहेत ना? मग बोर्ड पुरले नाहीत तर टिंकरकॅडवर फुकट सर्किट जोडता येतं, तिथे एलईडी जळला तरी चित्रातच जळतो. लहान मुलांना स्क्रॅच दे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलमध्ये बऱ्याच विषयांचं मराठी निवेदन आहे, ज्यांना इंग्रजीची धास्ती वाटते त्यांना ते लावून दे. आणि अरविंद गुप्तांची खेळणी! पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि रिकाम्या बाटल्यांतून विज्ञान काढलं. पाचवीची पोरं आली तर तिथूनच सुरू कर.

हो, ते एआयचं विचारत होतीस. कुणी चॅटजीपीटीकडून अख्खा प्रोग्राम लिहून आणला तर ओरडू नकोस, आमच्या वेळी आम्हीही कुठून कुठून उतरवूनच आणायचो. फक्त त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेव. डिले १००० लिहिलंय, ते २०० केलं तर दिव्याचं काय होईल? आधी सांग, मग करून बघ. १००० म्हणजे एक सेकंद हे ज्याला दोन प्रश्नांत सापडलं त्यानं प्रोग्राम निम्मा कमावला. ज्याला सांगता येत नाही त्याला हसू नका, पुढच्या शनिवारी पुन्हा तोच आकडा.

पैशाचं अवघड जाईल. प्रत्येकी वर्गणी काढू नकोस, दोन मुली गुपचूप यायच्या बंद होतील आणि कारण कधीच सांगणार नाहीत. सरांना इन्स्पायर-मानकसाठी कल्पना पाठवायची आठवण कर, निवड झाली तर मुलाला १०,००० रुपये मिळतात. फुटलेल्या वस्तूचा दंड घेऊ नकोस. दंड लावला की पोरं फोडत नाहीत असं नाही, लपवतात.

आणि नोंदवही. मी नोंदवही ठेवली होती, सुंदर अक्षरात, यशस्वी प्रयोगांची. कुणाच्या काही कामाची नव्हती ती. केबलीचं काय झालं, चमचे का बांधले, कुठल्या कॉम्प्युटरचं कुठलं यूएसबीचं भोक मेलंय, हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि मी ते डोकं घेऊन पुण्याला आले. तुझी वही घाणेरडी असू दे. दर शनिवारी वेगळ्याच्या हातात दे आणि काय बिघडलं तेवढंच लिहायला सांग. सातवीतल्या दोघींना आत्तापासून सोबत घे, हुशार म्हणून नव्हे, रेंगाळणाऱ्या घे, ज्यांना घंटा झाली तरी उठवत नाही. दिवाळीची सुट्टी संपली की एका शनिवारी मुद्दाम जाऊ नकोस. पोट दुखतंय सांग, काहीही सांग. सोमवारी वहीत त्या शनिवारचं पान आहे का बघ. पान कोरं असलं तरी मला फोन कर, रागावणार नाही. मला माहितेय ते कसं वाटतं.

तपकीर गल्लीत काल जाऊन आले. पन्नास एलईडी, २२० ओहमचे रेझिस्टर, दोन ब्रेडबोर्ड (कडेच्या पट्ट्या अखंड आहेत, तपासून घेतल्यात), पाच बीसी ५४७ आणि दोन चांगल्या केबली. एसटीच्या पार्सलनं पाठवतेय, बाबांना स्टँडवर पाठव. केबलींवर लाल दोरा बांधलाय, घरच्या चार्जरला लावू नका.

आई म्हणाली, काका येत्या मे महिन्यात रिटायर होतायत. त्यांना माझा नमस्कार सांग. आणि गच्चीवर जाऊ दिलं तर टाकीचं झाकण उचलून बघशील का, ते चमचे अजून आहेत का?