गाडी बंद कशी पडली?

मे महिन्यातली संध्याकाळ होती, सातचा सुमार. गडचिरोलीहून चंद्रपूरला परतत होते. मूल गाव मागे पडलं, अजयपूर गेलं आणि चिचपल्लीच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना जंगल असलेल्या वळणावर इंजिन बंद पडलं. झटका नाही की आवाज नाही. रेडिओ चालू होता, हेडलाइट चालू होते, फक्त इंजिन नव्हतं. डॅशबोर्डवर ऑइल आणि बॅटरीचे लाल दिवे लागले आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मागून तांदळाची पोती भरलेला ट्रक हॉर्न देत होता. शेजारी सासूबाई बसल्या होत्या.

माझा हात किल्लीकडे गेला. ती घाईत मागे फिरवून काढली असती, तर स्टिअरिंग लॉक होऊन गाडी वळणावर सरळ झाडांत गेली असती. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर किल्ली काढायची नाही, हे आधी मनावर कोरून घ्या. चारही इंडिकेटर लावा, गाडी न्यूट्रल करा आणि दोन्ही हातांनी जोर लावून स्टिअरिंग वळवा. इंजिन बंद झाल्यावरही ब्रेकमध्ये दोन-तीन दाबांपुरती ताकद शिल्लक असते. पेडल पुन्हापुन्हा दाबून ती घालवू नका. एकदाच दाबा आणि गाडी थांबेपर्यंत दाबून धरा.

कडेला थांबले. मोबाइलला रेंज नव्हती. बोनेट उघडायला मी दार उघडलं, तेवढ्यात समोरून आलेली एसटी थांबली आणि ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ताई, उतरू नका! या टायमाला जनावर रस्त्यावर येते." ताडोब्याची हद्द संपली म्हणून वाघ संपत नाही. मूल, सावली, ब्रह्मपुरी या सगळ्या पट्ट्यात तो आहे. तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसांवर दर उन्हाळ्यात काय प्रसंग येतात, ते इथल्या घराघराला ठाऊक आहे. काचा वर करून आम्ही बसून राहिलो. पंचवीस मिनिटांनी किल्ली फिरवली आणि गाडी काहीच झालं नसल्यासारखी सुरू झाली.

ही तिसरी वेळ होती. मार्चमध्ये वरोरा नाक्याजवळ बंद पडली, लगेच सुरू झाली, मी विसरून गेले. एप्रिलमध्ये सावलीजवळ पडली, तेव्हा गॅरेजला नेली. तिथे प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, बॅटरीचं टर्मिनल काढून पुन्हा घट्ट केलं आणि सहा हजारांचं बिल हातात ठेवलं. टर्मिनल काढल्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेला कोड मात्र पुसला गेला. स्कॅनर लावण्याआधी बॅटरीला हात लावू देऊ नका.

तिसऱ्या वेळेनंतर ज्यांच्याकडे गेले, त्या मेकॅनिक काकांनी बोनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "बंद कशी पडली? झटके देत देत, का एकदम? गरम होती का थंड? किती वेळानं चालू झाली?" निम्मं निदान या चार प्रश्नांतच होतं. झटके देत, पिकअप जात जात बंद पडली तर आधी पेट्रोलचा माग काढायचा: फिल्टर, पंप, पंपाचा रिले. सिग्नलला आरपीएम खाली जाऊन पडली तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन तपासायचा. दिवा विझवावा तशी पडली तर विजेचा दोष. आणि गरम झाल्यावर पडते, गार झाल्यावर चालू होते, असं असेल तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर.

स्कॅनरवर कोड आला पी ०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. पण काका तेवढ्यावर थांबले नाहीत. वायर तुटली किंवा कपलर सैल झाला तरी हाच कोड येतो. आमच्याकडे घरोघरी धानाची पोती असतात, त्यामागे उंदीर येतात आणि ते गाडीच्या वायरीही कुरतडतात, म्हणून त्यांनी आधी वायरिंग बोटांनी चाचपत शेवटपर्यंत पाहिलं. मग दहा नंबरच्या पान्यानं एकच बोल्ट काढून सेन्सर बाहेर घेतला. अंगठ्याएवढा काळा तुकडा, टोकाच्या चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला. मीटर लावला तर आकडा दिसला. केस वाळवायच्या मशीननं तो गरम केला आणि दोन मिनिटांत मीटरवरचा आकडा गेला. हा सेन्सर इंजिन फिरतंय की नाही हे कॉम्प्युटरला सांगतो. तो गप्प झाला की कॉम्प्युटर पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोडतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बोनेटखाली काय होत असेल! नवा सेन्सर दोन हजारांच्या आत बसला.

रस्त्यावर, गाडीत बसूनच तुम्ही दोन गोष्टी तपासू शकता. किल्ली ऑनवर आणून कान द्या. मागच्या सीटखालून दोन सेकंद घूं असा आवाज आला तर पंप फिरतोय. मग सेल्फ मारा आणि आरपीएमचा काटा बघा. सेल्फ जोरात घेत असूनही काटा शून्यावरून जराही हलला नाही, तर क्रँक सेन्सरचा संशय बळावतो. पंपाचा आवाजच नसेल तर फ्यूज आणि रिले तपासायला सांगा. उन्हाळ्यात टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. पंप टाकीतल्या पेट्रोलनंच गार राहतो.

आलापल्लीकडून भामरागडला किंवा एटापल्लीला जाणाऱ्या डिझेल गाडीवाल्यांनी उघड्या ड्रममधलं डिझेल टाळावं. त्यातलं पाणी आणि कचरा फिल्टरमध्ये अडकतो आणि गाडी चढावर दम तोडते.

पावसाळ्यात मात्र थांबून पुन्हा सेल्फ मारायची सवय घात करते. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की भामरागडची वाट बंद होते, तिथे गाडी घालायचीच नाही. पण एखाद्या लहान नाल्यात गाडी पाण्यात बंद पडली, तर एकदाही सेल्फ मारू नका. इंजिननं पाणी ओढलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. माणसं आधी बाहेर काढा, पाणी ओसरल्यावर गाडी ढकलून कोरड्यावर आणा आणि एअर फिल्टर उघडून हात लावून बघा. ओला लागला, तर टोचन करूनच गॅरेजला न्या.