काळी रायफल

ऑक्टोबर २०२२ मध्ये ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने कैरोत १० मीटर एअर रायफलचं विश्वविजेतेपद मिळवलं. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता, आमचा मुलगा तेरा. अभिनव बिंद्रानंतर हा मान मिळवणारा तो दुसराच भारतीय, हे मला मुलानेच जेवताना सांगितलं. डोंबिवलीहून ठाणं फास्ट लोकलने वीस मिनिटांवर. आपल्या इतक्या जवळच्या मुलाने हे केलं, याचं त्याच्या डोळ्यांत जे तेज होतं ते मला मोडायचं नव्हतं. दिवाळीचा बोनस हातात आला त्याच आठवड्यात आम्ही रायफल घेतली. रेंजचा उंबरा चढण्याआधी दुकानाची पायरी चढलो, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

दुकानात दोन रायफली समोर ठेवल्या होत्या. एक साध्या लाकडी दस्त्याची. दुसरी काळी, लष्करी थाटाची: वर खाचांची पट्टी, खाली हातात धरायची मूठ, पुढे दोन पायांचा स्टँड. नळी, स्प्रिंग, ट्रिगर दोन्हींत तेच, असं दुकानदाराने स्वतःहून सांगितलं होतं. तरी काळीला चार हजार जास्त मोजले, कारण मुलाच्या मोबाइलवरच्या गेममध्ये तशीच होती. दुकानदाराने माझ्या आधारकार्डाची प्रत ठेवून घेतली. परवाना लागणार नव्हता. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. परवाना नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ मी मनाशी लावला. एका आईने तो लावायला नको होता.

गच्चीवर टाकीच्या आडोशाला जुन्या मासिकांनी भरलेलं खोकं मांडून आमचा सराव सुरू झाला. शिशाचे छर्रे महाग पडतात म्हणून मी स्टीलच्या बारीक गोळ्या आणल्या. तिसऱ्या रविवारी त्यातली एक खोक्याला चुकवून टाकीच्या लोखंडी चौकटीवर आपटली आणि उलट येऊन मुलाच्या भुवईला घासून गेली. रक्त थोडंच आलं. बोटभर खाली डोळा होता, आणि चष्मा कोणीच घातला नव्हता. शिशाचा छर्रा आपटला की चपटा होतो आणि त्याचा बराचसा जोर तिथेच जिरतो. स्टीलची गोळी चेंडूसारखी परत येते, शिवाय नळीतले आटे खरवडते. त्या दिवसापासून गच्ची बंद झाली. ज्यांच्या घरी आज अशी रायफल आहे त्यांना हात जोडून सांगते: गच्ची, बाल्कनी, सोसायटीचं आवार, यांतली एकही जागा रेंज नाही.

मग ठाण्यातली एक रेंज गाठायची ठरवली. पातळ पिशवीतून रायफलचा काळा आकार स्पष्ट दिसत होता. डोंबिवलीच्या फलाटावर पोलिसाने थांबवलं, बिल पाहिलं, ओळखपत्र पाहिलं, चाळीस मिनिटांनी सोडलं. त्याने योग्यच केलं. गर्दीतल्या कोणालाही ती खरी वाटली असती. ती तशी दिसावी म्हणूनच तर जास्त पैसे घेतले होते. कडक पेटी, आत रिकामी रायफल, छर्रे वेगळ्या पिशवीत, बिल सोबत. याहून कमी तयारीने लोकलमध्ये चढू नका.

रेंजवरच्या सरांनी काळी रायफल हातात घेतली, वाईट एक शब्द बोलले नाहीत, आणि मुलाला पाच छर्रे मारायला सांगितले. दहा मीटरवरच्या कार्डाचा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा असतो आणि मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. मुलाचे दोन छर्रे काळ्यात, तीन बाहेर. मग त्यांनी रेंजची जुनी, हवेच्या सिलिंडरवर चालणारी मॅच रायफल दिली. पाचही छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. मुलगा तोच, हात तोच, मध्ये फक्त दहा मिनिटं गेलेली.

कारण सरांनी उलगडून सांगितलं. स्प्रिंगच्या रायफलमध्ये ट्रिगर दाबला की जड दट्ट्या पुढे झेपावतो. रायफल आधी मागे आणि मग पुढे हिसका खाते, आणि हे सगळं छर्रा नळीतून सुटण्याआधी. म्हणून ती जितकी आवळून धराल तितका नेम फिरतो. आम्ही तर ती दोन पायांच्या स्टँडवर टेकवून वर दाबून धरत होतो. आमचा ट्रिगर ओढायला दोनेक किलो जोर लागायचा. मॅच रायफलचा शंभर ग्रॅमच्या आसपास. स्पर्धेत उभ्याने मारायचं असतं, त्यामुळे स्टँडचा उपयोग नाही. दुर्बीणही चालत नाही, बारीक छिद्राची पीप साइट लागते. ती बसते ११ मिलिमीटरच्या खोबणीवर, आणि आमच्या रुबाबदार पट्टीवर ती बसेचना. काळ्या रायफलीतली एकच गोष्ट सरांना आवडली, मागेपुढे होणारा दस्ता. वाढत्या मुलाला तो खरोखर सोयीचा.

तरी आमची आणखी एक चूक व्हायचीच होती. सर म्हणाले, रोज अर्धा तास घरी ड्राय करा, म्हणजे छर्रा न भरता नुसता नेम आणि ट्रिगर. ते मॅच रायफलबद्दल बोलत होते; तिच्यात त्यासाठी वेगळी सोय असते. मुलाने तीन आठवडे आमच्या स्प्रिंगच्या रायफलवर ते इमानेइतबारे केलं. छर्रा नसला की दट्ट्याला हवेची गादी मिळत नाही, तो सरळ टोकाला आदळतो. सील फाटलं. एवढी मेहनत करणाऱ्या मुलाला, तुझ्या सरावानेच ती मोडली, हे सांगताना मला फार जड गेलं.

पुढच्या मे महिन्यात डॅलसला भावाकडे गेलो. तिथल्या रेंजवर .२२ च्या रायफली भाड्याने मिळतात. वाटलं, मोठ्या जगात तरी त्या थाटाचं काही मोल असेल. मी तीन प्रकार मारून पाहिले. स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२, हुबेहूब लष्करी आणि प्लॅस्टिकच्या अंगामुळे हलकी. रूगर १०/२२, १९६४ पासून बनणारी, दहा गोळ्यांच्या फिरत्या मॅगझिनची, दिसायला साधी. आणि दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची एक रायफल. पहिलीने मजा आली, पण बोट थांबत नव्हतं. पन्नास गोळ्या कधी संपल्या कळलं नाही आणि कार्डावर चाळणी झाली. रूगर बरी. बोल्टवालीने मला प्रत्येक गोळीआधी श्वास घ्यायला लावला, आणि ग्रुपिंग तिचंच सर्वांत घट्ट आलं. एकदा गोळी उडालीच नाही. .२२ मध्ये पेट घेणारा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला असतो, तो सगळीकडे सारखा पसरलेला नसला की असं होतं. रेंजवाल्याने नळी कार्डाकडेच ठेवून तीस सेकंद थांबायला लावलं, मगच बोल्ट उघडू दिला. गोळी उशिराही उडू शकते. हे तीस सेकंद लक्षात ठेवा. आपल्याकडे .२२ ला शस्त्र परवाना हवा. डोंबिवलीकरांना त्यासाठी ठाणे पोलीस आयुक्तालयात अर्ज करावा लागतो. तोवर दहा मीटरवर शिकायला भरपूर आहे.

आता शेजारपाजारचे पालक विचारतात, कुठली घेऊ? मी म्हणते, सहा महिने काहीच घेऊ नका. रेंजची रायफल वापरा आणि पैसे जॅकेटला, चष्म्याला, चपट्या तोंडाच्या छऱ्यांना ठेवा; हे छर्रे कार्डाला स्वच्छ गोल भोक पाडतात, गुण नीट मोजता येतात. शिसं हाताळल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा, त्याआधी वडापाव नाही. घ्यायची वेळ आली की मुलाला सोबत न्या, रायफल खांद्याला लावून त्याचे डोळे मिटवा आणि मग उघडायला सांगा. डोळा आपोआप साइटच्या मागे आला तर दस्ता त्याच्या मापाचा. मग ट्रिगर, मग साइटची खोबण. रंग सगळ्यात शेवटी. परदेशी मॅच रायफल नवी घ्यायची तर दोन लाखांच्या पुढे जाते, म्हणून बरेच जण जुनी शोधतात. तेव्हा सिलिंडरवरची तारीख वाचायला विसरू नका. बहुतेक कंपन्या त्याला दहाच वर्षांची मुदत देतात.

सील बदललेली काळी रायफल माळ्यावर आहे. गेल्या महिन्यात एक तरुण ती विकत घ्यायला आला होता. फोटो पाहूनच आवडली म्हणाला. मी विचारलं, कुठे मारणार? म्हणाला, मागच्या झाडावर कबुतरं फार झालीत. मी त्याला चहा दिला, मुलाचं त्या दिवशीचं पाच छऱ्यांचं कार्ड दाखवलं, रेंजचा पत्ता लिहून दिला. रायफल दिली नाही.