दर बदलतो, बिल बदलत नाही



नव्या वेब ॲप्लिकेशनचे थर तू आखलेस ते ठीक झालं: वर स्क्रीन, मध्ये व्यवहाराचे नियम, खाली डेटाबेस. आता प्रश्न असा की मधल्या आणि खालच्या थरांच्या मध्ये ओआरएम, म्हणजे ऑब्जेक्ट आणि टेबलं यांची जुळणी लावणारं साधन, घालायचं की एसक्यूएल हाताने लिहायचं. माझ्या मते हा निर्णय अख्ख्या ॲप्लिकेशनसाठी एकदाच घेऊन मोकळं होता येत नाही. कुठलं काम डेटा कसा लिहितं आणि कसा वाचतं, ते पाहून त्या त्या कामापुरता तो घ्यावा लागतो. तू न्हावऱ्याचा, घोडगंगा कारखाना गावातच. लागण, खोडवा, पंधरवडा, पहिली उचल हे तुला समजावून सांगायला नको. म्हणून कुठल्याही साखर कारखान्याचा ऊसहिशेबच उदाहरणाला घेतो.

ऊस नोंद घे. नोंदीत गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख एवढंच दिसतं, पण नियमांचं जाळं मोठं. खोडवा नोंदवायचा तर त्याच गटातली आधीची लागण तुटलेली हवी. एका गटातल्या उभ्या उसाच्या नोंदी मिळून गटाच्या क्षेत्राबाहेर जाता कामा नयेत. आडसाली जुलै-ऑगस्टमध्ये लागते आणि तुटते पुढच्या वर्षीच्या हंगामात, म्हणजे एकच नोंद सुमारे दीड वर्ष जिवंत राहते. असे नियम ऑब्जेक्टमध्ये नीट बसतात, तपासताही येतात, आणि त्यांना टेबलांची रचना ठाऊक असण्याचं कारण नाही. मार्टिन फाउलर यांनी २००२ साली आपल्या पुस्तकात ज्याला डेटा मॅपर म्हटलं, तो इथे शोभतो; हायबरनेटसारखी साधनं तेच काम करतात. दोन कर्मचाऱ्यांनी एकच नोंद एकाच वेळी उघडून बदलली, तर व्हर्जनचा कॉलम नंतर साठवणाऱ्याला अडवतो. हे हाताने लिहिता येतं, पण प्रत्येक ठिकाणी न चुकता लिहिलं जाईल याची खात्री कोण देणार?

पंधरवड्याच्या बिलाची गोष्ट अगदी उलटी. तिथे एका नोंदीचं काही नसतं. वजनकाट्याच्या हजारो पावत्या शेतकरीवार गोळा करायच्या, दराने गुणायच्या, सोसायटीचं कर्ज कापायचं. हे काम ऑब्जेक्टच्या तोंडी दिलं आणि लेझी लोडिंग (जोडलेला डेटा लागेल तेव्हाच आणणं) सुरू असलं, तर पावत्यांच्या यादीसाठी एक क्वेरी आणि त्यातला प्रत्येक शेतकरी आणायला आणखी एक. पावत्या ५०० वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या असतील तर क्वेरी ५०१, आणि कोडमध्ये मात्र एक साधा लूप दिसतो. एसक्यूएलमध्ये एक जॉइन आणि एक ग्रुप बाय पुरतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशिरावर वार्षिक १५ टक्के व्याज लागतं. तेव्हा बिल रात्रभर रखडणं ही निव्वळ तांत्रिक गैरसोय राहत नाही. त्याहून नाजूक बाब दराची. पहिली उचल एक, पुढे हप्ता निघाला की एकूण दर वेगळा. दर हंगामाच्या ऑब्जेक्टचा नुसता गुणधर्म ठेवलास, तर कुणीतरी तो बदलेल, ओआरएम मुकाट्याने साठवेल आणि मागच्या महिन्याचं बिल पुन्हा छापताना नव्या दराने निघेल. दराचं टेबल लागू तारखेसह वेगळं हवं, आणि लावलेला दर बिलाच्या ओळीतच लिहून ठेवायचा. पुढचा हप्ता ही नवी ओळ. जुनीला हात लावायचा नाही. हे शहाणपण कुठलंही साधन आयतं देत नाही.

तू म्हणशील, एका ॲप्लिकेशनमध्ये दोन पद्धती म्हणजे नव्या माणसाचा गोंधळ. गोंधळ होतो खरा, पण दोन्ही पद्धती एकाच रिपॉझिटरी थरामागे ठेवल्यास आणि ट्रान्झॅक्शनची सुरुवात-शेवट फक्त मधल्या थरातल्या सर्व्हिस लेयरमध्ये ठरवलास, तर वरच्या कोडला फरक कळतही नाही. एक खबरदारी मात्र घे: ओआरएमने हातात धरलेले बदल डेटाबेसमध्ये उतरण्याआधी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये कच्ची क्वेरी चालली, तर ती जुनंच वाचेल, आधी फ्लश कर. दुसरा आक्षेप असा की हाताने लिहिलेलं एसक्यूएल एका डेटाबेसला बांधून टाकतं. बांधतं, पण चालू कारखान्याचा डेटाबेस बदलायची वेळ क्वचित येते, बिल दर पंधरवड्याला काढावं लागतं. आणि ओआरएम मुळातच हळू, म्हणून तो नकोच, असं म्हणणाऱ्यांनी बहुधा त्याने पाठवलेल्या क्वेरी कधी उघडून पाहिलेल्या नसतात. नोंदीच्या स्क्रीनवर एका वेळी एकच शेतकरी असतो. तिथे मिलिसेकंद मोजत बसण्यात अर्थ नाही.

तेव्हा आधी दराचं टेबल आणि बिलाची क्वेरी कागदावर लिहून मला पाठव. फ्रेमवर्क त्यानंतर निवडू. आणि विकासाच्या मशीनवर क्वेरीचा लॉग आजपासूनच चालू ठेव.

तुझा,
मामा