पाऊस वाढला की मुलगी उठून बसते

प्रश्न : इर्शाळवाडीच्या दरडीची दृश्यं पाहिल्यापासून माझी सात वर्षांची मुलगी पाऊस वाढला की रात्री उठते, ‘आपलं घर पडेल का?’ विचारते. विषय टाळावा का?

उत्तर : टाळू नका. आपण गप्प बसलो की मुलं उरलेलं मनानेच रचतात, आणि ते बरेचदा खऱ्याहून भयंकर असतं. आधी तिलाच विचारा, ‘तुला काय काय कळलंय?’ तेच दृश्य टीव्हीवर पुन्हा दिसलं, की दरड पुन्हा कोसळली असं लहान मुलांना वाटू शकतं. तिच्यासमोर बातम्या बंदच ठेवा. मग खरं तेवढंच सांगा : 19 जुलै 2023 च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराची माती वाडीवर आली, माणसं दगावली. तुमचं घर सपाटीवर असेल तर तसं दाखवून द्या. डोंगराखाली असेल तर खोटा दिलासा नको. पाऊस वाढला की कुठे जायचं, ते तिला सोबत घेऊन ठरवा. ‘त्यात काय घाबरायचं?’ असं कृपा करून म्हणू नका. ‘मलाही फार वाईट वाटलं’ म्हणा. हे बोलणं संध्याकाळी भाजी निवडताना व्हावं, अंथरुणावर नव्हे. तोच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारेल, दर वेळी शांतपणे तेच उत्तर द्या. महिनाभरानंतरही झोप-जेवण बिघडलेलं असेल तर समुपदेशकांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.