शहराचा चेहरा घडतो कसा? आपलं वाशिम, आपली माती आणि नवीन इमारती



'शहराचं व्यक्तिमत्त्व' असे शब्द आपण निबंधात सहज लिहून जातो. माणसाचं व्यक्तिमत्त्व समजतं. पण शहराचं म्हणजे नेमकं काय? एक साधी परीक्षा करून बघा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा फोटो दाखवला की खाली नाव नसलं तरी तिसरीतलं पोरगंसुद्धा 'मुंबई' म्हणतं. आता वाशिमच्या एखाद्या नवीन लेआऊटमधल्या गल्लीचा फोटो काढा आणि तो अकोला, हिंगोली, परभणी इथल्या नवीन गल्ल्यांच्या फोटोंत मिसळून द्या. आपलं वाशिम कोणतं ते सांगता येईल का? मला नाही वाटत. असं का झालं, ते आज समजून घेऊ.

जऊळक्याच्या स्टेशनवर पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वाशिम फार लांब नाही. आपण तिथे दवाखान्यासाठी, बाजारासाठी, कलेक्टर ऑफिसच्या कामासाठी जातो. जिल्ह्याचं ठिकाण म्हणून वाशिम नवं आहे, 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळं झालेलं. (इंग्रजांच्या काळातही 'बासिम' नावाचा जिल्हा होता, तो 1905 मध्ये अकोल्यात विलीन झाला. म्हणजे वाशिमला हा मान दुसऱ्यांदा मिळाला!) शहर मात्र फार जुनं. वत्सगुल्म या नावाने ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतं. याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याच्या अनेक लेण्यांचं काम झालं. सोळावं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं, तसा शिलालेखच तिथे आहे. वाकाटकांच्या राजवाड्यांपैकी आज वाशिममध्ये उभं असं काही दिसत नाही. दिसतं ते अठराव्या शतकातलं बालाजी मंदिर. भोसल्यांच्या काळात भवानी काळू यांनी ते बांधलं. जुनं वाशिम या मंदिराच्या आणि तलावांच्या आसपास वाढलं.

नवीन वाशिम कुठे वाढलं? पत्ता विचारा म्हणजे कळेल. अकोला नाका, पुसद नाका, हिंगोली नाका. पूर्वी गावाला वेस असायची आणि वेशीला पुढच्या गावाचं नाव असायचं. आपल्याच जिल्ह्यातल्या कारंज्यात दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस अशी नावं आहेत. वेशीची जागा नाक्याने घेतली, नाव ठेवायची पद्धत तीच राहिली. पण मोठा फरक पडला. वेस हे गाव जिथे संपतं ते ठिकाण होतं, तर नाका हे शहर जिथून पुढे पळत सुटतं ते ठिकाण आहे. जुन्या वस्तीचं तोंड मंदिराकडे आणि पाण्याकडे होतं, नवीन वस्तीचं तोंड रस्त्याकडे आहे.

आता खरा मुद्दा. तो पायाखाली आहे.

आपल्या वऱ्हाडात जमिनीला दोन नावं आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची आणि पांढरी म्हणजे गाव वसलेली. हा नुसता रंगाचा फरक नाही. पिढ्यानपिढ्या मातीची घरं पडली, त्यांच्यावर पुन्हा घरं झाली, चुलीची राख पडत गेली, आणि त्या सगळ्याची मिळून पांढरीची टेकडी तयार झाली. म्हणून जुन्या गावात शिरताना थोडा चढ लागतो. (पुरातत्त्वाचे अभ्यासक जुन्या वसाहती शोधायला आधी पांढरीकडेच जातात.) काळी जमीन मात्र पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे महिन्यात शेतात पडलेल्या भेगांमध्ये तुम्ही हात घालून पाहिला असेलच. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाण्याने फुगतं. कपाशीला ही जमीन सोन्यासारखी, पण भिंतीला वैरीण.

आपले पूर्वज काळीवर पेरत होते आणि पांढरीवर राहत होते. एवढी साधी गोष्ट 'शहर नियोजन' या मोठ्या शब्दात बसते. गेल्या तीसेक वर्षांत आपण काय केलं? शहर वाढलं, शेतं एनए झाली, लेआऊट पडले. कितीतरी लेआऊट तर परवानगी न घेताच पडले. ते नियमित करायला 2001 मध्ये राज्याला गुंठेवारीचा कायदा करावा लागला. म्हणजे आपण काळीवर राहायला गेलो. पाया मुरुमापर्यंत नेला तर घर टिकतं. पैसे वाचवायला अर्ध्यातच थांबवला तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला तिरपी चीर पडते, दरवाजा अडकायला लागतो आणि मग मिस्त्रीला शिव्या बसतात. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खास पाया तयार केला आहे, त्याला अंडर-रीम्ड पाईल म्हणतात. जमिनीत खोल भोक पाडून त्याचा खालचा भाग कांद्यासारखा फुगीर करायचा आणि त्यात लोखंड-काँक्रीट भरायचं. वरची माती कितीही हलू दे, घर खालच्या स्थिर थराला धरून राहतं. शिवाय काळीतून वाहणारे छोटे नाले लेआऊटमध्ये बुजले की पावसाचं पाणी कुठे जाणार? ते घरात येतं.

वर्गात करायचा प्रयोग इथेच सांगतो. दोन सारख्या वाट्या घ्या. एकीत शेतातली काळी माती, दुसरीत गावातल्या पडक्या भिंतीची पांढरी माती. दोन्ही ओल्या करून वरून सपाट करा आणि चार दिवस उन्हात ठेवा. काळी वाटीच्या कडा सोडून आत सरकते आणि मध्ये भेगाळते. पट्टीने ती फट मोजायला लावा. शंभर वाक्यांनी समजणार नाही ते मुलांना त्या एका मिलिमीटरमध्ये समजतं.

मातीनंतर ऊन. वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. जुन्या धाब्याच्या घराला हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती असायच्या आणि वर लाकडावर मातीचा थर. जाड मातीतून उष्णता आत यायला बरेच तास लागतात. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर माणूस खाट घेऊन अंगणात किंवा धाब्यावर गेलेला असतो. अरुंद गल्लीचंही तसंच. 'तेव्हा मोटारी नव्हत्या म्हणून गल्ली अरुंद' असं मुलं उत्तर देतात. बैलगाड्या होत्याच की! समोरासमोरच्या भिंतींनी एकमेकींना सावली द्यायची, हेही त्यातलं एक कारण.

आजचा पाच इंची स्लॅब दुपारी तापतो आणि रात्री अकरापर्यंत भट्टीसारखा धगधगतो. त्यावर आपण कूलर लावतो. मला विचाराल तर कूलर हीच आजच्या वऱ्हाडाची खरी वास्तुशैली आहे. घराच्या नकाशात त्याला कुठेच जागा नसते, पण प्रत्येक खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर तो बसलेला असतो. खिडकीवर खोल छज्जा, पश्चिमेच्या भिंतीला झाड किंवा व्हरांडा, गच्चीला चुन्याचा पांढरा थर, एवढं केलं तरी घर थोडं थंड राहतं. ते सोडून रस्त्यावरच्या नवीन दुकानांना काच आणि चकचकीत पत्रे लागतात. ही काच थंड देशांतून आली. तिथे ऊन आत यावं म्हणून लावतात. आपण ती लावतो आणि आतून पडदा ओढतो.

म्हणजे नवीन शैली वाईट असं समजायचं का? तसं नाही. मुंबईत ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडे पाहिलं तर उत्तर मिळतं. पूर्वेला एकोणिसाव्या शतकातल्या दगडी गॉथिक इमारती आहेत, राजाबाई टॉवर, विद्यापीठ, उच्च न्यायालय. ही शैली विलायतेची, पण दगड इथला, कोरणारे हातही इथले, आणि उन्हापावसासाठी पुढे व्हरांडे काढलेले. पश्चिमेला 1930 नंतरच्या, भर टाकून तयार केलेल्या जमिनीवरच्या सिमेंट-काँक्रीटच्या आर्ट डेको इमारती, गोलाकार कोपरे, सज्जे, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे. त्या काळात त्याही 'नवीन डेव्हलपमेंट'च होत्या. 2018 मध्ये या दोन्ही रांगांना मिळून युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. पश्चिमेची रांग नीट पाहा. मालक वेगळे, आर्किटेक्ट वेगळे, पण उंची साधारण सारखी आणि रस्त्यापासून सोडलेलं अंतर सारखं. एका सुंदर इमारतीने शहराला चेहरा येत नाही. शेजारच्या इमारतीने पहिलीचं ऐकलं, की चेहरा येतो.

आता नियमांकडे येऊ. डिसेंबर 2020 पासून महाराष्ट्रात एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर सगळ्या शहरांना ती एकच. प्रत्येक गावाचा वेगळा नियम आणि त्यातला गोंधळ कमी झाला, हे चांगलंच. त्यात एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक ठरतो. निर्देशांक 1 असेल तर 100 चौरस मीटरच्या प्लॉटवर सगळे मजले मिळून 100 चौरस मीटर बांधकाम. शिवाय पुढे-मागे सोडायची जागा म्हणजे सामासिक अंतर, आणि पार्किंग. पण कोकणात धो-धो पाऊस पडतो, वाशिमला ऊन आणि काळी माती आहे. नियम एक असला म्हणून घरही एक असावं, असं नियमावली कुठे म्हणते? ते आपण आपल्या मनाने केलं.

त्यात पहिला बळी गेला ओट्याचा. जुन्या घराचा ओटा अर्धा घराचा, अर्धा गल्लीचा. म्हातारी माणसं तिथे बसत, पोरं तिथेच पाढे म्हणत, अनोळखी माणूस गल्लीत शिरला तर चार जण विचारत, "कोणाकडे आले भाऊ?" नवीन घराला आधी कंपाउंडची भिंत, मग लोखंडी गेट, मग गाडी, आणि मग दरवाजा. सोडलेली मोकळी जागा फरशी लावून बंद. घर मोठं झालं पण रस्त्याला काहीच मिळालं नाही. त्याच सोडलेल्या जागेत कंपाउंड बुटकं ठेवून एक कडुनिंब आणि बसायला एक दगडी बाक आला असता तर कोणता नियम मोडला असता? नवी मुंबईच्या बेलापूरमध्ये चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात सिडकोसाठी अशीच वसाहत आखली. साधारण सात-सात घरं एका छोट्या सामाईक अंगणाभोवती, आणि पैसे येतील तसं प्रत्येकाने आपलं घर वाढवायचं. पुढे लोकांनी तिथेही जुनी घरं पाडून मोठी बांधली, पण अंगणं बऱ्याच ठिकाणी राहिली.

जुन्याचं कौतुक ऐकून कोणी 'चला, सगळे मातीच्या घरात राहू' म्हणेल, म्हणून किल्लारीचंही सांगायला हवं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. माती-दगडाच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड थर झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसं गेली. जी भिंत उन्हापासून वाचवत होती तीच अंगावर आली. म्हणून लोखंड, सिमेंट, पट्टे (भिंतीतून फिरणारा काँक्रीटचा बांध) हे हवंच, त्यात तडजोड नाही. पण पुढचंही लक्षात घ्या. पुनर्वसनाची कितीतरी गावं सरळ रेषांत, रुंद रस्त्यांवर, शहरासारखी आखली गेली. घरं सुरक्षित झाली, पण जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लागून असलेली माणसं लांब लांब गेली. सुरक्षितता आणि शेजार ही दोन्ही एकाच नकाशात बसवणं हे खरं अवघड काम आहे. इंजिनिअरला पहिलं शिकवतात. दुसरं गावातल्या बायाबापड्यांना विचारावं लागतं.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला आणि तो आपल्या जिल्ह्यातूनच जातो. आसपासच्या जमिनीचे भाव, नवीन प्लॉट, ढाबे, गोदामं हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर होतंय. जऊळक्यासारखी गावंसुद्धा पुढच्या वीस वर्षांत बरीच बदललेली असतील. बांधणार आजची मुलंच आहेत.

म्हणून इयत्ता चौथी-पाचवीसाठी परिसर अभ्यासाचा उपक्रम असा घ्या. प्रत्येकाने आपल्या गल्लीतली एक जुनी आणि एक नवीन इमारत निवडायची. भिंतीची जाडी वितीने मोजायची. दुपारी दोन वाजता आणि रात्री आठ वाजता दोन्हीकडे भिंतीला आतून हात लावून कोणती जास्त गरम ते लिहायचं. भिंतीला चीर असेल तर ती सरळ की तिरपी ते काढून दाखवायचं. ओटा किंवा झाड आहे का, आणि रस्त्याने जाणाऱ्याला तिथे दोन मिनिटं टेकता येतं का, ते पाहायचं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं की या जागी आधी काळी होती की पांढरी. उत्तरं एका मोठ्या कागदावर गावाच्या नकाशात भरा, काळीवरची घरं एका रंगात आणि पांढरीवरची दुसऱ्या. नकाशा वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्यात नवीन घरं तिसऱ्या रंगाने भरावीत.