चातुर्दिश संघाचा कारभार

ही निवासी शाळा कोण चालवते, असे पाहुण्यांनी विचारले की आम्हांला एका नावात उत्तर देता येत नाही. जागा विश्वस्त मंडळाची, धान्याचा बराचसा भार गावोगावच्या उपासक-उपासिकांचा, परीक्षा शिक्षण मंडळाच्या, संस्कार भिक्खुसंघाचे. परीक्षा घेणारे मंडळ सोडले तर यांपैकी कोणी कोणाचा वरिष्ठ नाही. कोणाच्या हुकुमावाचून अनेक संस्थांनी एकमेकींशी कसे बांधून घ्यावे, या प्रश्नाचे एक जुने उत्तर वैतरणेच्या उगमाकडील प्रदेशात खडकावर कोरलेले आहे.

आपली वैतरणा त्र्यंबकच्या परिसरात उगम पावते. तेथून फारशा दूर नसलेल्या नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांपैकी एका लेखावर वर्ष ४२ घातलेले आहे. उषवदाताने हे लेणे ‘चातुर्दिश’ संघाला, म्हणजे चारही दिशांकडून येणाऱ्या भिक्खूंना दिले आणि सोबत ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे मूळ रकमेला हात न लावता केवळ व्याज वापरावयाची ठेव.

ही रक्कम त्याने संघाच्या स्वाधीन केली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे व्याज वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंच्या चिवरांसाठी, प्रत्येकी १२ कार्षापण. येथे आमच्या विद्यार्थ्यांनी वही काढावी. दोन हजारांवर महिन्याला २० आणि वर्षाला २४० व्याज. वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. एक नाणे उरत नाही, एक कमी पडत नाही. दान देणाऱ्याने आधी गरज मोजली, मग ठेव ठरवली. आजही देणग्यांचे फलक लिहिताना हा क्रम बहुधा उलटा होतो. दुसऱ्या ठेवीचे वार्षिक ९० कार्षापण भिक्खूंच्या किरकोळ गरजांसाठी होते. लेखाच्या शेवटी, हा सर्व व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि रीतीप्रमाणे दप्तरी नोंदवला, असे नमूद आहे.

तीन संस्था येथे एकत्र येतात. संघ लाभार्थी आहे, पण त्याच्या हाती मुद्दल नाही. श्रेणीच्या हाती मुद्दल आहे, पण ते तिचे नाही. निगमसभेला मुद्दल किंवा व्याज, काहीच मिळत नाही. ती साक्षीदार आहे. राजाचा जावई हुकूम सोडू शकला असता, तरीही त्याने सार्वजनिक नोंदीचा मार्ग घेतला. कारण राजवंश बदलतात आणि चिवर मात्र दरवर्षी लागते. पुढे नहपानाचे राज्य गौतमीपुत्र सातकर्णीने जिंकलेच. सर्व रक्कम एकाच श्रेणीकडे न ठेवण्यातही व्यवहारी शहाणपण दिसते.

उषवदाताचे नाव आपल्या किनाऱ्याशीही जोडलेले आहे. त्याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आपले सोपारा, येथे निवासगृहे बांधली. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर मोफत नावांची सोय केली. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. यादीत वैतरणा नाही, याची विद्यार्थ्यांना दर वेळी हळहळ वाटते. त्याच लेखात ब्राह्मणांना दिलेल्या दानांचीही नोंद आहे. दाता एकाच पंथाचा नव्हता.

आता संघाच्या आतील रचनेकडे वळू. मज्झिम निकायातील गोपकमोग्गल्लान सुत्तात, भगवंतांच्या परिनिर्वाणानंतर मगधाचा महामात्य वस्सकार आनंदाला विचारतो की, भगवंतांनी किंवा संघाने कोणाला प्रमुख नेमले आहे काय? आनंद ‘नाही’ म्हणतो. मग ही एकजूट टिकते कशी? आनंदाचे उत्तर अगदी साधे आहे. एका ग्रामक्षेत्राच्या आश्रयाने राहणारे सर्व भिक्खू उपोसथाच्या दिवशी एकत्र जमतात, पातिमोक्ख म्हटले जाते, आणि कोणाकडून उल्लंघन झाले असेल तर धम्माप्रमाणे उपाय केला जातो. प्रत्येक आवास स्वतंत्र, नियम सर्वांचा एक, आणि भेट ठरलेल्या दिवशी.

नियम एक असला तरी तो आंधळा नव्हता. उपसंपदेसाठी दहा भिक्खूंची गणसंख्या लागे. अवंतीत महाकच्चानाला आपला शिष्य सोण याच्यासाठी दहा भिक्खू जमवायला तीन वर्षे लागली. ही अडचण सोणाने भगवंतांपुढे मांडली, तेव्हा मध्यदेशाबाहेरील प्रदेशांत विनयधरासह पाच भिक्खू पुरेत, अशी मुभा मिळाली. आपले कोकणही मध्यदेशाबाहेरचेच. दूरच्या शाखेची अडचण केंद्राने ऐकली आणि नियम बदलला. तो दूरच्यांनी गुपचूप मोडला नाही.

गुपचूप मोडण्याचा प्रसंग परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीत आला. तेथील वज्जी भिक्खू उपासकांकडून नाणी घेऊ लागले. यश काकण्डकपुत्ताने आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी त्यालाच दोषी ठरवले. वादाचे मुद्दे दहा होते. नाण्यांचा मुद्दा सर्वांच्या लक्षात राहतो. पण आम्हांला दुसरे दोन मुद्दे अधिक मोलाचे वाटतात. एका सीमेतील निरनिराळ्या आवासांनी आपापला वेगळा उपोसथ करावा काय? आणि अपुऱ्या सभेत निर्णय घेऊन उरलेल्यांची संमती मागाहून मिळवावी काय? संस्थेच्या बैठकांना बसलेल्या कोणालाही हे प्रश्न परके वाटणार नाहीत.

भरल्या सभेत चर्चा भरकटू लागली, तेव्हा संघाने ज्ञप्ती मांडून पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार भिक्खूंची समिती निवडली. तिने एकेक मुद्दा तपासून दहाही अग्राह्य ठरवले. यश एकटा उभा राहिला होता. तरी न्याय त्याच्या एकट्याच्या शब्दावर झाला नाही, दोन्ही बाजूंच्या स्थविरांच्या समितीने केला. मात्र यानंतरही संघात फूट पडलीच, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यापासून लपवू नये.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बैठकव्यवस्था, ठराव, गणसंख्या, शलाकांनी मतदान हे नियम भिक्खुसंघाला ठाऊक होते, याची आठवण करून दिली. स्वतः संस्था उभारतानाही त्यांनी कामे वेगळी ठेवली. शिक्षणासाठी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, धम्मकार्यासाठी १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा.

आज एका गावात दोन जयंती मंडळे, एका विहाराच्या दोन समित्या हे दृश्य आम्ही पाहतो. दोन संस्था असणे हा दोष नव्हे. गोवर्धनात विणकरांच्याही दोन श्रेणी होत्या. दोष आहे तो दोघींनी एकत्र बसण्याचा दिवस ठरलेला नसण्यात आणि हिशेब चारचौघांत वाचला न जाण्यात. म्हणून शाळेच्या स्थायी निधीचे मुद्दल आणि व्याज वेगळे लिहून ते दरवर्षी पालकांच्या सभेत मोठ्याने वाचावे, असे आम्ही या स्मरणिकेतून सुचवतो.

त्रिरश्मीला सहल गेल्यास आणखी एक लेख पाहावा. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी अक्षयनीवी ठेवली. या वेळी रक्कम स्वीकारणारे कुंभार, जलयंत्रे करणारे आणि तेली होते.