गर्भपाताची शस्त्रक्रिया आणि सदसद्विवेक

प्रश्न : माझ्या सुनेला दहावा आठवडा चालू असून तिला हे मूल नको आहे. दवाखान्यात ‘क्युरेटिंग’ करू म्हणतात. ते सुरक्षित आहे का? आणि ही भ्रूणहत्या नव्हे का?

उत्तर : गर्भाशयाचे अस्तर धातूच्या साधनाने खरवडण्याची ही जुनी रीत असून, तीत इजेचा धोका अधिक असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटना ती टाळावयास सांगते; दहाव्या आठवड्यात बारीक नळीने गर्भ शोषून घेण्याची निर्वात पद्धती, जिला काही मिनिटेच लागतात, आपण आग्रहाने मागावी. चौदाव्या आठवड्यानंतर मात्र गर्भाशयमुख आधी विस्फारून चिमट्याने गर्भ काढावा लागतो, आणि तेथे अनुभवी हातच हवा.

आता पातकाविषयी. गर्भस्थ जीवास मूल्य नाही असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु ज्या काळी गर्भपात हा सरसहा गुन्हा होता त्या काळी सुइणींच्या हातून, काड्या नि विषारी मुळ्यांनी, किती स्त्रिया प्राणास मुकल्या हे आठवले, म्हणजे शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींवरून 1971 साली झालेला कायदा मला करुणेचाच वाटतो. 2021 च्या दुरुस्तीनुसार विसाव्या आठवड्यापर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते, आणि सज्ञान, विचारक्षम स्त्रीची स्वतःची संमती तेवढी लागते. पतीची नव्हे, सासूचीही नव्हे. म्हणून विनंती अशी की, शासनमान्य केंद्रात सूनबाईंना डॉक्टरांशी एकटीने बोलू द्यावे, आणि आपण बाहेर बसावे.